ट्रेकला हॅम रेडिओ नेताय? पण खाली ऐकणारं कोण आहे?

घाटवाटकर (मुलुंड)

जून जवळ आला की ट्रेकच्या प्रत्येक ग्रुपवर एक प्रश्न हमखास फिरतो : यंदा वॉकीटॉकी घ्यायचे का? कुणीतरी लिंक टाकतं, डब्यावर 'रेंज १० किमी' छापलेलं असतं आणि दहा मिनिटांत वर्गणी ठरते. म्हणून हा धागा काढतोय. माझ्याकडे हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, रिस्ट्रिक्टेड (खालच्या श्रेणीचा) परवाना आहे, सह्याद्रीत सेट घेऊन फिरतो. मत आधीच सांगून टाकतो. सेट कुठला घ्यावा हा दुय्यम प्रश्न आहे. पलीकडे कोण, किती वाजता, कुठल्या फ्रिक्वेन्सीवर कान लावून बसणार हे ठरलेलं नसेल तर सॅकचं वजन वाढतं, एवढंच.

थोडं मुळापासून सांगतो. आपले हातातले सेट बहुतेक व्हीएचएफवर (अतिउच्च फ्रिक्वेन्सीवर) चालतात, भारतात हॅमसाठी तो पट्टा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ. या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. हिशेब सोपा आहे : जमिनीपासूनची उंची मीटरमध्ये घ्या, वर्गमूळ काढा, ४.१२ ने गुणा. येतील तेवढे किलोमीटर तुमचं रेडिओचं क्षितिज. सपाटीवर तोंडाशी सेट धरून उभ्या माणसाचं ते जेमतेम पाच किमी भरतं. कळसूबाई १६४६ मीटर, तिथून १६७ किमी. मुंबई हवाई अंतराने शंभरेक किमीवर. म्हणजे मध्ये काही आडवं आलं नाही तर कळसूबाईच्या माथ्यावरून पाच वॉटचा सेट मुलुंडच्या गच्चीशी बोलू शकतो. तोच सेट पायथ्याच्या बारी गावात आणला की डोंगराच्या पलीकडच्या गावाशीही बोलत नाही. सांदण दरीत तर नावच काढू नका.

आणि अपघात माथ्यावर क्वचितच होतात. होतात ते नाळेत (डोंगरातल्या अरुंद घळीत), ओढ्यात, धबधब्याच्या कुंडात. जिथे गरज तिथे रेंज नाही, हे गृहीत धरूनच सगळी आखणी करायची. मी करतो ते असं : गटातले दोघे सेटवाले, एक पुढे आणि एक मागे. अडचण आली तर दुसऱ्या सेटवाल्याने जवळच्या धारेवर किंवा खिंडीत चढायचं आणि तिथून बोलायचं. मुंबईच्या बाजूला एक परवानाधारक घरी ठरलेल्या वेळी ऐकत असतो. दर दोन तासांनी, पहिली पाच मिनिटं. बाकी वेळ सेट बंद, बॅटरी शाबूत.

रिपीटरचं म्हणाल तर तो उंच जागी बसवलेला मध्यस्थ. एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि ६०० किलोहर्ट्झ बाजूला तेच परत मोठ्या आवाजात सांगतो. मुंबईच्या रिपीटरवर संध्याकाळी गप्पा चालू असतात, नवख्यांनी आधी महिनाभर नुसतं ऐकावं. पण घाटमाथ्याआड गेलात की रिपीटरच्या भरवशावर राहू नका.

विचारा, भांडा, भर घाला.

---

शंकासुर

धागा चांगला आहे, पण हौसेला आपत्कालीन गरजेचा मुलामा देताय असं वाटतं. आता किल्ल्यांवर ५जी येतंय. पठ्ठे हरिश्चंद्रगडावरून रील टाकतात. परीक्षा, परवाना, कॉलसाईन (परवान्यासोबत मिळणारं ओळखनाव) एवढा व्याप कशाला?

---

घाटवाटकर

हौस आहेच, नाकारत नाही. आणि फोन चालत असेल तर फोनच करा, ११२ लावा. स्वतःच्या कंपनीचं नेटवर्क नसलं तरी दुसऱ्या कुणाचा टॉवर पोचत असेल तर तो कॉल जाऊ शकतो. घाटात चढताना फोन एअरप्लेन मोडवर ठेवा, नाहीतर टॉवर शोधता शोधता दुपारपर्यंत तो मान टाकतो. बोलणं तुटत असेल तर एसएमएस करून बघा, तो अनेकदा निसटून जातो.

पण २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पाऊस. टॉवर पडले नव्हते. वीज गेली, बॅटऱ्या संपल्या आणि उरलेल्या लाइनवर अख्खी मुंबई एकाच वेळी घरी फोन लावत होती.

---

दोरवाला

रेस्क्यूच्या कामात असतो, म्हणून थोडं लांबलचक लिहितो.

शंकासुर, माळीण आठवतंय? ३० जुलै २०१४. सकाळी एसटीचा ड्रायव्हर गाडी घेऊन गेला तेव्हा गावच दिसेना, आणि त्याने कळवल्यावर बाहेर समजलं. गावातून सांगायला कुणी उरलं नव्हतं, तिथे रेडिओनेही काही झालं नसतं, हे मान्य. इर्शाळवाडीची गोष्ट वेगळी. १९ जुलै २०२३ ची रात्र, वर गाडीरस्ता नाही, धो धो पाऊस, चिखलातली पायवाट. अशा ठिकाणी वर काय चाललंय आणि खाली काय हवंय हा निरोप पोचवणं हेच निम्मं काम असतं. माणूस पळवावा लागला की एका फेरीत तास जातो, शिवाय निरोप वाटेत बदलतो.

आता मुद्द्याचं. आमच्यापर्यंत येणारे निरोप कसे असतात? 'भाऊ, आमचा मित्र पडलाय, लवकर या.' कुठे? 'धबधब्याजवळ.' कुठल्या? तेवढ्यात फोन कट. सेट असो वा फोन, बोलायच्या आधी कागदावर लिहून काढा : गड किंवा घाटवाटेचं नाव आणि कुठल्या गावातून चढलात, अक्षांश-रेखांश (फोनचा जीपीएस नेटवर्क नसतानाही चालतो), किती जण, किती जखमी, शुद्धीवर आहे का, रक्त थांबलंय का, चालू शकतो का, पुढचा निरोप किती वाजता देणार. 'हरिश्चंद्रगड' एवढंच सांगून उपयोग नाही. पाचनईची वाट, खिरेश्वरची टोलार खिंड आणि बेलपाड्याची नळीची वाट या तीन दिशा आहेत. बेलपाडा ऐकलं तर टीम कोकणाच्या बाजूने येणार, पाचनई ऐकलं तर नगरच्या बाजूने. चुकीचं कळलं तर रात्र गेली.

ऐकणाऱ्याने निरोप जसाच्या तसा परत म्हणून दाखवायचा. मगच 'रॉजर'. तुमचा घरी बसलेला माणूस घाबरून चार जणांना फोन करत सुटणारा नको, लिहून घेणारा हवा. त्याच्याकडे ११२ शिवाय महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरचा हेल्पलाइन नंबर आणि पायथ्याच्या गावातला एक नंबर आधीच लिहिलेला असावा. सह्याद्रीतल्या रेस्क्यू टीम स्वयंसेवी आहेत, नोकरी-धंदा सोडून येतात. त्यांना पहिल्याच निरोपात पुरेसं कळलं तर योग्य दोर आणि स्ट्रेचर घेऊन निघता येतं.

---

कसारा_फास्ट

दोरवाला, हा प्रतिसाद प्रिंट काढून सॅकमध्ये ठेवणार.

घाटवाटकर, माझ्या मावसभावाने अमेरिकेहून वॉकीटॉकीची जोडी आणलीय. तिकडे दुकानात सर्रास मिळतात म्हणे. ती नेली तर?

---

लॅमिंग्टनवाला

नेऊ नका. तिकडचे ते सेट ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झवर चालतात. तिकडे तो पट्टा लोकांना खुला आहे, इकडे नाही.

आपल्याकडे बिनपरवाना हातसेटसाठी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ ही खिडकी उघडली आहे. अर्धा वॉट, अँटेना सेटलाच जोडलेला, काढता येत नाही. मॉडेलला वायरलेस खात्याची ईटीए मान्यता आहे का ते खरेदीआधी बघा. ऑनलाइन वाट्टेल ते विकलं जात होतं म्हणून ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये वॉकीटॉकीच्या विक्रीसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली. डब्यावरचे १० किमी विसरा. झाडीत दीड-दोन किमी मिळाले तर देवाला नारळ फोडा. पण पुढचा-मागचा गट जोडून ठेवायला हे सेट उत्तम, आणि चाळीस जणांचा जथा असेल तर तीच मोठी गरज असते.

ते स्वस्त चिनी ड्युअल बँड (दोन पट्ट्यांवर चालणारे) सेट बहुतेक कुठल्याही फ्रिक्वेन्सीवर बोलतात. पोलीस, अग्निशमन, विमानतळ, कुठेही बोट पडू शकतं. परवाना नसताना 'संकटात उपयोगी पडेल' म्हणून बाळगणं हे कायद्यात बसत नाही. १९३३ च्या वायरलेस कायद्यात बसत नव्हतं आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्याने ते मोकळं करून दिलेलं नाही. जिवावर बेतलं असताना मदतीसाठी हाताशी असेल ते साधन वापरायला आंतरराष्ट्रीय रेडिओ नियम आडकाठी करत नाहीत. पण ती सवलत संकटातल्या स्टेशनला आहे, खरेदीला नाही.

सॅटेलाइट फोनबद्दल कुणी विचारण्याआधीच : सरकारी परवानगीशिवाय नाही. सॅटेलाइट मेसेंजर जवळ होते म्हणून २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर परदेशी पर्यटकांना अडवलं होतं. फोनमधली सॅटेलाइट एसओएसची जाहिरात बघून भुलू नका, ती सोय भारतात अजून नाही.

---

वीकेंड_लीडर

आम्ही दर रविवारी ट्रेक नेतो, माणशी पैसे घेतो. लीडरपैकी दोघांनी हॅमची परीक्षा दिली तर ट्रेकभर तोच सेट वापरता येईल ना?

---

तारयंत्र

नाही. हॅम म्हणजे हौशी सेवा, त्यावर धंद्याचं बोलणं चालत नाही. 'दुसरी बस आली का, नाश्ता वाढा' हे तुमच्या व्यवसायाचं संभाषण झालं. त्यासाठी ४४६ चे सेट घ्या किंवा संस्थेच्या नावे रीतसर परवाना काढा. कुणी पडलं, जीव धोक्यात आहे, तेव्हा अर्थातच गोष्ट वेगळी.

मी जुना माणूस, मोर्स ठोकून परवाना काढलेला. दोन गोष्टी सांगतो.

पहिली. यूट्यूबवर अमेरिकन मंडळी 'वाइल्डरनेस प्रोटोकॉल' सांगतात. सकाळी ७ पासून दर तीन तासांनी पाच मिनिटं १४६.५२ वर ऐकायचं. कल्पना उत्तम आहे, वेळा जरूर उचला. फ्रिक्वेन्सी उचलू नका! आपला पट्टा १४६ ला संपतो. १४६.५२ वर बोललात तर तुम्ही हॅम बँडच्या बाहेर आहात. हे सांगूनही दरवर्षी कुणीतरी करतंच.

दुसरी. दरीतून बोलता येत नाही हे घाटवाटकरांचं म्हणणं व्हीएचएफपुरतं खरं. ७ मेगाहर्ट्झवर या. वीस मीटर तार, मधोमध फीडर (सेटकडे येणारी केबल), दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर, आणि ती मुद्दाम खाली बांधायची, डोक्याच्या जरा वर, दोन झाडांना. सिग्नल सरळ आभाळात जातो आणि आयनोस्फिअरवरून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून) खाली पाऊस पडावा तसा तीनशे-चारशे किलोमीटरच्या घेरात उतरतो. मधला डोंगर त्याच्या वाटेतच येत नाही. दिवसा रतनवाडीच्या खोऱ्यातून मुंबई, पुणे, नाशिक तिन्हीकडे ऐकू जातं. रात्री मात्र आभाळ त्या फ्रिक्वेन्सीला तेवढ्या उभ्या कोनात परतवत नाही, जवळची स्टेशनं बुडतात आणि लांबची कानावर येतात. सेट, बॅटरी, तार मिळून वजन वाढतं हेही खरं. मुक्कामी ट्रेकला न्या, एका दिवसाच्या धावपळीत नको.

घाटवाटकरांच्या मूळ मुद्द्याला पुष्टी म्हणून : डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद आणि हैदराबादच्या एनआयएआर या हौशी रेडिओ संस्थेची मंडळी हॅम मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरला होती, कॉलसाईन व्हीयू४आरबीआय. अंदमानातून हॅम बोलणं दुर्मीळ, म्हणून जगभरचे लोक त्या कॉलसाईनच्या शोधात दिवसरात्र ऐकत होते. २६ तारखेला त्सुनामी आली, फोन गेले. त्यांची अँटेना उभी होती आणि पलीकडे कान तयार होते. त्यांनी त्यावरून निरोप सुरू केले, बेटांवरच्या लोकांची ख्यालीखुशाली मुख्य भूमीवर पोचली. नुसते सेट विमानाने पाठवून त्या सकाळी हे जमलं नसतं.

---

मीठागर

वाचनखूण साठवली. अँटेनाबद्दल लिहा ना कुणीतरी.

---

लॅमिंग्टनवाला

सेटबरोबर येणारी रबरी अँटेना खिशात मावते हाच तिचा गुण. दोन स्वस्त उपाय आहेत. एक, ४९ सेंटिमीटरची साधी तार, एका टोकाला लग (धातूची कडी), अँटेनाच्या बुडाशी स्क्रूच्या बाहेरच्या धातूला टेकवायची आणि खाली लोंबू द्यायची. हॅम लोक तिला टायगर टेल म्हणतात. फुकटात मिळणारा एवढा फायदा दुसरा नाही. दोन, टीव्हीच्या जुन्या चपट्या ट्विनलेड तारेची गुंडाळता येणारी जे-पोल अँटेना. सुतळीने फांदीला टांगा. लॅमिंग्टन रोडवर ट्विनलेड आता शोधावी लागते, पण मिळते. कनेक्टर घेताना सेट सोबत न्या, नर-मादी उलटसुलट निघतात.

पॉवर आधी १ वॉटवर ठेवा. ५ वरून १ वर आल्याने पलीकडे सिग्नल जेमतेम एका एस-युनिटने (सेटच्या सिग्नल-मापकावरच्या एका घराने) उतरतो, बॅटरी मात्र कितीतरी जास्त टिकते. आणि पावसात वीज चमकत असताना धारेवर अँटेना उंच धरून उभं राहू नका. हे सांगावं लागू नये, पण फोटो बघितलेत.

---

वेसावकर

आमच्याकडे बोटींवर व्हीएचएफ असतो, पण तो मरीनचा, तुमचा हॅम नाही. चॅनल १६, १५६.८ मेगाहर्ट्झ. त्यावर 'मेडे' (संकटाची हाक) दिला की आसपासची बोट, जहाज, कोस्ट गार्ड, ज्याला ऐकू येईल तो धावतो. कोस्ट गार्डचा १५५४ आहेच. शिवाय इस्रोने बनवलेलं डॅट यंत्र, बटण दाबलं की उपग्रहातून संकटाचा निरोप ठिकाणासकट जातो. नवीन आलेल्या यंत्रात निरोप मिळाल्याची पोचही उलट येते, जुन्यात ती नव्हती.

समुद्रात सगळे एकाच चॅनलवर कान ठेवतात. तुमच्या डोंगरात प्रत्येक ग्रुपची फ्रिक्वेन्सी वेगळी असेल तर मग ऐकणार कोण? असा एक चॅनल ठरवत का नाही?

---

घाटवाटकर

वेसावकर, बरोब्बर बोट ठेवलंत. समुद्रात १६ नंबरवर कान ठेवणं हा जहाजांचा नियम आहे आणि पलीकडे पगारी माणूस चोवीस तास बसलेला आहे. आमच्याकडे दोन्ही नाही. हॅम मंडळी रेस्क्यू टीमच्या बैठकांना जातील, एक फ्रिक्वेन्सी आणि वेळा ठरवतील, पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी पाळी लावून ऐकतील, तर निम्मं काम होईल. निम्मंच, कारण पाळी लावायला माणसं लागतात.

---

जाळीदार

मेशटास्टिकचं कुणीच बोललं नाही? छोटा लोरा (कमी ताकदीत लांब पोचणारा रेडिओ) बोर्ड, ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ, भारतात मर्यादित पॉवरला परवाना लागत नाही. फोनला ब्लूटूथने जोडायचा, मजकूर टाइप करायचा, एका यंत्रावरून दुसऱ्यावर उड्या मारत जातो. डिफॉल्ट तीन उड्या, वाढवून सातपर्यंत. पाठवणाऱ्याचं ठिकाणही जातं. कुलूपबंद संदेशही चालतात, हॅमवर ते चालत नाहीत. बोलता येत नाही, फक्त मजकूर.

---

दोरवाला

खिंडीत कुणी एक यंत्र ठेवून पुढे गेलं तर दरीतला गट जोडला जातो, हे आम्ही करून पाहिलंय आणि चांगलं वाटलं. मजकूर लिहून येतो म्हणजे निरोपात गफलत नाही. पण पावसात ओल्या बोटांनी फोनवर टाइप करणं हा स्वतंत्र साहसी क्रीडाप्रकार आहे.

---

निवृत्त_बाई (डोंबिवली)

मुलगा पावसाळ्यात एकही रविवार घरी नसतो. 'आई, नेटवर्क नसेल, काळजी करू नकोस' एवढं सांगून जातो. गणित शिकवत होते, त्यामुळे वर्गमुळाचा हिशेब आवडला. घरी बसून ऐकणारी मी झाले तर? परीक्षा या वयात देता येते का? मोर्स शिकावं लागेल का?

---

तारयंत्र

बाई, जरूर द्या. किमान वय १२, वरची मर्यादा नाही. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स नाही. जनरलला आहे, मिनिटाला ८ शब्द. पेपरचे दोन भाग, रेडिओचं तंत्र आणि नियम. ओहमचा नियम, तरंगलांबी, अँटेनाची लांबी हे तुम्हाला पाठ न करता येईल. लोक अडकतात ते नियमांत, क्यू-कोडमध्ये (क्यूने सुरू होणाऱ्या तीन अक्षरी संकेतांत). अर्ज सरल संचार या सरकारी पोर्टलवर करायचा. मुंबईत परीक्षा बोरिवलीला, गोराई रोडच्या वायरलेस मॉनिटरिंग स्टेशनवर होते. परवान्याचं शुल्क वीस वर्षांना १००० रुपये, तहहयात २००० रुपये. पास झाल्यावरही परवाना हाती यायला वेळ लागतो, त्यामुळे याच पावसाळ्याचा हिशेब धरू नका. परवान्यावर स्टेशनचा पत्ता असतो, बाहेर नेऊन चालवण्याच्या अटी सोबतच्या कागदात नीट वाचा. चिरंजीवांनाही परीक्षा द्यायला लावा, एकट्या तुमच्या परवान्यावर ते डोंगरातून बोलू शकणार नाहीत.

---

निवृत्त_बाई (डोंबिवली)

धन्यवाद. त्याला वाचायला दिलं. म्हणाला, 'आई, मग तू दर दोन तासांनी बोलवणार?' हो म्हटलं. फॉर्म दोघांचे भरतेय. आमची इमारत चार मजली, पश्चिमेला मोठे टॉवर उभे राहिलेत. माथेरानच्या बाजूने ऐकू येईल का?

---

घाटवाटकर

माथेरान तुमच्या आग्नेयेला, पश्चिमेचे टॉवर आड येत नाहीत. माथेरानजवळच्या पेब किल्ल्याच्या माथ्यावरून यावं असा माझा अंदाज. तुमच्या गच्चीवर आधी माझाच सेट घेऊन येतो आणि कसारा_फास्टला पेबवर पाठवतो, तोपर्यंत त्याचीही कॉलसाईन आलेली असेल. गच्चीची किल्ली सोसायटीकडून मागून ठेवा, तेच सगळ्यात अवघड असतं.

---

कसारा_फास्ट

माझी कॉलसाईन यायला अजून अवकाश आहे. पेबला दुसरा कुणीतरी परवानावाला शोधा, मी त्याच्यासोबत येतो आणि तार धरतो.